एफवायला फिजिक्सचे गुण जातात कुठे आणि ग्रेड ठरते कशी

प्रश्न असा आहे: बारावीला फिजिक्समध्ये ८४ होते, सीईटीही बरी गेली. ठाण्यातल्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आणि पहिल्या क्लास टेस्टला २० पैकी ८ मिळाले. उत्तरे तर बहुतेक बरोबर होती. मग सरांना नेमके काय हवे असते, ग्रेड कशी ठरते आणि आता ओ ग्रेड, म्हणजे सर्वांत वरची, मिळू शकते का?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. त्याला मत लागत नाही, वजाबाकी पुरते. चार क्रेडिटच्या पेपरला ४० गुण अंतर्गत आणि ६० गुण सत्रान्त परीक्षेला, अशी विभागणी धरतो. अंतर्गत ४० मध्ये २० टेस्टचे आणि २० असाइनमेंट, प्रेझेंटेशन वगैरेंचे, असेही धरू. टेस्टचे ८ तुमच्या खात्यावर बसले. बाकीच्या २० पैकी १८ मिळवलेत तर अंतर्गत २६ होतात. म्हणजे एकूण ९० हवे असतील तर सत्रान्तात ६० पैकी ६४ लागतील, आणि ते काही होणार नाही. ८० साठी ५४ लागतात, अवघड आहे पण होऊ शकते. ७० साठी ४४ लागतात, आणि नीट अभ्यास करणाऱ्याला ते जमतात.

हे सगळे एकच टेस्ट धरली तर. अनेक ठिकाणी दोन टेस्ट होतात, आणि त्यांची सरासरी घ्यायची की चांगली ती एक, हे विभाग ठरवतो. चांगली ती धरत असतील आणि दुसरीत १८ काढलेत, तर अंतर्गत ३६ होतात आणि ९० साठी ५४ पुरतात. तेव्हा उद्या विभागात जाऊन हा एकच प्रश्न विचारा. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता ग्रेडचा तक्ता. इथे सीनियर मंडळी मनापासून चुकीची माहिती देतात. 'ऐंशीला ओ' हे त्यांच्या जुन्या सीबीसीएस (निवडीवर आधारित क्रेडिट पद्धत) तक्त्यानुसार बरोबर होते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमांबरोबर छापलेल्या तक्त्यात ९० ला ओ, ८० ला ए प्लस, ७० ला ए, ६० ला बी प्लस, ५५ ला बी, ५० ला सी आणि ४० ला पी, म्हणजे नुसते पास. तुम्हाला कोणता लागू आहे ते तुमच्या वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये असते, सहसा अगदी शेवटच्या पानांवर, जिथपर्यंत कोणी जात नाही. त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

ग्रेडला पॉइंट असतात: ओ ला १०, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, असे उतरत जातात. पॉइंट गुणिले क्रेडिट, सगळ्या विषयांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट, हा झाला सत्राचा एसजीपीए. यातली गोम अशी. सत्राला २० क्रेडिट धरले, तर चार क्रेडिटच्या फिजिक्समध्ये ६९ चे ७० झाले की पॉइंट सातवरून आठवर जातो आणि एसजीपीए ४ भागिले २०, म्हणजे ०.२ ने वाढतो. ७० चे ७९ झाले तर काहीच वाढत नाही. परीक्षेआधीच्या दोन आठवड्यांत कोणत्या विषयाला वेळ द्यायचा, हे या हिशेबावरून ठरवावे. फिजिक्स ७३ च्या आसपास जाणार असेल आणि गणित ५८ ला अडकले असेल, तर गणिताचे दोन गुण जास्त मोलाचे. फिजिक्सचा माणूस असूनही हेच सांगेन.

अंतर्गत आणि सत्रान्त हे दोन वेगळे हेड असतात, आणि स्वतंत्र पासिंगचा नियम असेल तिथे दोन्हींत ४० टक्के लागतात: ४० पैकी १६ आणि ६० पैकी २४. अंतर्गत १५ आणि सत्रान्त ५० मिळवणाऱ्याची बेरीज ६५ होते, तरी तो त्या विषयात नापास असतो. दरवर्षी काही हुशार मुलांना अशी केटी लागते, म्हणजे विषय राहतो आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते, कारण असाइनमेंट 'नंतर देऊ' म्हणून राहून जाते. ग्रेस मार्क धरून आखणी करू नका.

आणखी एक गैरसमज यूट्यूबवरून येतो. परदेशी विद्यापीठांत पेपर अवघड गेला की वर्गाच्या सरासरीप्रमाणे ग्रेड वर सरकतात, तसे इथेही होईल असे मुलांना वाटते. वर्गातल्या स्थानावरून ग्रेड देण्याची पद्धत काही संस्थांत आहे, पण तुमच्या तक्त्यात टक्केवारीच्या रेषा पक्क्या आहेत. सगळा वर्ग चाळिशीत अडकला तर सगळ्या वर्गाला पी मिळेल. याची दुसरी बाजू अशी की शेजारच्याला नोट्स दिल्याने तुमची ग्रेड खाली येत नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळू: उत्तरे बरोबर होती, तरी ८ का?

बारावीच्या ८४ मध्ये ३० प्रॅक्टिकलचे असतात. त्यातले २९ मिळाले असतील तर थिअरीत ७० पैकी ५५ होते. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तिथे तुम्ही काय निवडले तेवढेच मोजतात, कसे निवडले ते कोणी पाहत नाही. दोन वर्षे क्लासमध्ये हीच सवय लागलेली असते: सूत्र आठवा, आकडे टाका, जवळचा पर्याय निवडा. विद्यापीठाच्या पेपरात ६० गुणांना दोन तास असतील, तर एका गुणाला दोन मिनिटे येतात. पाच गुणांच्या गणिताला दहा मिनिटे दिलेली आहेत, ती वाट लिहिण्यासाठी. उत्तराच्या आकड्याला त्यात सहसा एकच गुण असतो.

एक साधे गणित घ्या. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी लोकल एकसमान ऋण त्वरणाने ४०० मीटरमध्ये थांबते. त्वरण आणि लागलेला वेळ काढा. पाच गुण. तपासणारा साधारण असे पाहतो: दिलेल्या राशी चिन्हांसह आणि धन दिशा ठरवून लिहिल्या, एक गुण. ७२ चे २० मीटर प्रति सेकंद केले, एक गुण. कोणते समीकरण आणि ते का चालते (त्वरण स्थिर आहे म्हणून), एक गुण. त्वरण वजा ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, चिन्ह आणि एककासह, एक गुण. वेळ ४० सेकंद, एक गुण. ज्याने नुसते '०.५, ४०' लिहिले त्याची दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि गुण फार तर दोन. ऋण चिन्ह नाही, एकक नाही, म्हणून कडक हात असेल तर एकच. तुमच्या २० पैकी ८ चे गणित बहुधा हेच आहे. पेपर परत मागून या नजरेने पाहा.

याच गणितात रूपांतर विसरलेला विद्यार्थी ७२ चा वर्ग भागिले ८०० करतो आणि ६.४८ लिहून पुढे जातो. हा आकडा गुरुत्वत्वरणाच्या दोन तृतीयांश आहे. संध्याकाळी सहाच्या ठाणे-वाशी गाडीत उभ्याने जाणाऱ्याला विचारा, मोटरमनने असा ब्रेक मारला तर डब्यात कोणी उभे राहील का. उत्तर आल्यावर 'हे शक्य आहे का' असे स्वतःला विचारायला पाच सेकंद लागतात. वेळ संपली असेल आणि चूक सापडत नसेल, तर 'उत्तर अवास्तव वाटते, रूपांतर तपासायला हवे' एवढे वाक्य लिहून ठेवा. काही परीक्षक त्याची कदर करतात. चुकीचा आकडा पुढच्या पायरीत योग्य रीतीने वापरला असेल, तर बहुतेक जण पुढच्या पायरीचे गुण कापत नाहीत. पण पायरी लिहिलेलीच नसेल तर कशाचे गुण देणार?

सिद्धतांचेही तसेच. बर्नुलीचे समीकरण पाठ असते, पण द्रव असंपीड्य, श्यानतारहित, प्रवाह स्थिर आणि दोन्ही बिंदू एकाच प्रवाहरेषेवर, ही गृहीतके वगळली जातात. त्यांना गुण असतात, आणि पुढच्या उपप्रश्नात 'हे कुठे लागू पडत नाही' हेच विचारतात. बलांच्या गणितात फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बले दाखवणारी आकृती) नसेल तर वाचणारा पुढे वाचतो तेच नाराजीने. उतारावरच्या ठोकळ्यावर लंब बल सरळ एमजी (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण) धरणे ही पहिल्या सत्रातली सर्वांत जास्त दिसणारी चूक, आणि ती आकृती काढणाऱ्याकडून क्वचितच होते.

कॅल्क्युलेटर नॉन-प्रोग्रामेबल सायंटिफिक हवा, मोबाईल चालत नाही. दोलनांच्या गणितात तो रेडियनवर आहे का ते पाहा. २.५ रेडियनचा साइन ०.५९८ येतो. डिग्रीवर ठेवून तेच २.५ टाकले तर ०.०४४ येते, आणि सगळे गणित कोसळते. उतारावरच्या गणितात नेमके उलट होते.

जाता जाता एक. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना भाषेपेक्षा शब्द नडतात. वर्तमानपत्रात शक्ती म्हणजे बलही असते, ऊर्जाही असते आणि पॉवरही. फिजिक्समध्ये या तिघांची एकके वेगळी आहेत: न्यूटन, जूल, वॅट. वहीच्या शेवटच्या पानावर मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि एकक असे तीन रकाने आखा. तीसेक शब्दांत पहिले सत्र निघते. इंग्रजी वाक्ये छोटी असली तरी चालतात, सुंदर इंग्रजीला फिजिक्समध्ये गुण नसतात.

प्रॅक्टिकलवर जास्त लिहितो, कारण दोन क्रेडिट सर्वांत स्वस्तात तिथेच मिळतात आणि सर्वांत मूर्खपणाने जातातही तिथेच.

साधा लोलक घ्या. लांबी ८०.० सेंटिमीटर, २० दोलनांना ३५.९ सेकंद, आवर्तकाल १.७९५. गुरुत्वत्वरण म्हणजे चार गुणिले पाय (π) वर्ग गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग: ९.८०२. आता जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) '९.८०२१४' लिहिणारे पुष्कळ असतात. स्टॉपवॉच ०.०१ सेकंद दाखवते म्हणून चूकही तेवढीच, असा समज त्यामागे आहे. चूक घड्याळाची नसते, बोटाची असते. दाबायला उशीर होतो तो ०.२ सेकंदांच्या घरात. लांबीतली चूक ०.१ सेंटिमीटर, म्हणजे ०.१ टक्का. वेळेतली ०.२ भागिले ३५.९, आणि आवर्तकालाचा वर्ग असल्याने दुप्पट, म्हणजे १.१ टक्का. एकूण सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणून उत्तर ९.८ अधिक-उणे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. दशांशानंतर एकच अंक. एकच दोलन मोजले असते तर चूक २२ टक्के झाली असती. वीस दोलने का मोजायची, या व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

दरवर्षी अर्धा वर्ग ९.८१ यावे म्हणून रीडिंग शिजवतो. ठाण्याच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण ९.७८६ च्या जवळ आहे. ९.८१ हा समशीतोष्ण पट्ट्यातला, पुस्तकी आकडा. तुमची चूक ०.१ असताना ९.७, ९.८, ९.९ सगळेच चालते, मग शिजवायचे कशाला? उलट सगळी निरीक्षणे रेषेवर तंतोतंत बसलेला आलेख पाहिला की परीक्षक व्हायवा लांबवतो. दोघांच्या जर्नलमध्ये तिसऱ्या दशांशापर्यंत सारखी निरीक्षणे असली तर दोघांचे गुण जातात, मूळ कोणाची होती हे विचारत कोणी बसत नाही.

याच प्रयोगात लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. दोन सेंटिमीटर व्यासाचा गोळा असेल आणि वरच्या टोकापर्यंतच मोजली, तर १ सेंटिमीटर कमी भरते, आणि ८० सेंटिमीटरच्या लोलकाला सूत्रातून काढलेले उत्तर सव्वा टक्का चुकते. पण वेगवेगळ्या लांब्यांसाठी आवर्तकालाच्या वर्गाचा आलेख लांबीविरुद्ध काढला, तर ही चूक रेषा अक्षाला जिथे छेदते तिथेच (इंटरसेप्टमध्ये) दिसते. उतार तोच राहतो, सुमारे ४.०३ सेकंद वर्ग प्रति मीटर. आलेख का काढायचा, हे ज्याला असे सांगता येते त्याला व्हायवात फार छळत नाहीत. दोलनाचा कोन लहान ठेवा: ३० अंशांनी सोडला तर आवर्तकाल १.७ टक्के वाढतो आणि उत्तर साडेतीन टक्के खाली येते. १० अंशांना हा परिणाम ०.२ टक्के, म्हणजे तुमच्या बोटाच्या चुकीत विरून जातो.

आलेखाचे गुण तर हातात ठेवलेले असतात. अक्षांवर राशी आणि एकक, उजव्या वरच्या कोपऱ्यात स्केल, पान निदान अर्धे भरलेले. उतारासाठी घेतलेले दोन बिंदू रेषेवरचे हवेत आणि एकमेकांपासून लांब. स्वतःची दोन निरीक्षणे उचलून उतार काढला की रेषा काढण्याचा अर्थच संपतो. तीनसारखे विचित्र स्केल घेऊ नका. एक, दोन किंवा पाचच्या पटीत घ्या.

उपकरणांत नेहमीचे तीन सापळे. स्क्रू गेज: काहींचा अंतराल १ मिलिमीटर आणि १०० भाग, काहींचा ०.५ आणि ५० भाग. लीस्ट काउंट (मोजता येणारे सर्वांत लहान माप) दोघांचा ०.०१ मिलिमीटर, पण दुसऱ्या प्रकारात अर्ध्या मिलिमीटरची रेघ सुटली की तारेचा व्यास अर्ध्या मिलिमीटरने चुकतो. शून्य त्रुटी चिन्हासह वजा करायची, म्हणजे ऋण असेल तर ती मिळवली जाते. स्पेक्ट्रोमीटर: मुख्य मापनीवर अर्धा अंश आणि व्हर्नियरवर ३० भाग असतील तर लीस्ट काउंट १ मिनिट. साठ मिनिटांचा एक अंश हे विसरून दशांशात वजाबाकी करणारे सापडतात. शून्य ओलांडले तर ३५२ अंश १० मिनिटे ते ३१ अंश ४० मिनिटे हा फरक ३९ अंश ३० मिनिटांचा आहे, ३२० चा नाही. पॉइझीच्या पद्धतीने श्यानता: सूत्रात त्रिज्येचा चौथा घात आहे, त्रिज्येत २ टक्के चूक म्हणजे उत्तरात ८ टक्के. त्यामुळे केशनळीची त्रिज्या घाईत मोजून बाकी सगळे काळजीपूर्वक करण्याला अर्थ नाही.

निरीक्षणे थेट पेनाने, त्याच तासाला, आणि सही त्याच दिवशी. चुकलेले रीडिंग एका रेघेने खोडायचे, व्हाइटनर लावायचा नाही. खोडलेला आकडाही वाचता आला पाहिजे. जर्नल सर्टिफाय झाले नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात सहीसाठी लागणाऱ्या रांगेत कोणाचाही मूड चांगला नसतो.

हजेरीचा हिशेब सोपा आहे. चार तास गुणिले १५ आठवडे म्हणजे ६० लेक्चर. ७५ टक्के म्हणजे ४५, तेव्हा १५ ची सवलत. ती जुलै-ऑगस्टसाठी राखून ठेवा. रुळांवर पाणी आले की मेन लाइन, हार्बर आणि ट्रान्सहार्बर एकाच दिवशी बसतात, आणि साडेसातच्या लेक्चरला पनवेल किंवा बदलापूरहून येणाऱ्याला कोणी हेलिकॉप्टर देत नाही. जूनमध्येच १० तास बुडवले असतील तर गणपतीपर्यंत डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येते. प्रॅक्टिकल बुडाले तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर रिपीट मागा. महिन्याभराने मांडणी मोडून दुसरा प्रयोग लागलेला असतो. आजारपणाने टेस्ट चुकली तर डॉक्टरांचा दाखला रुजू होतानाच द्यायचा. निकाल लागल्यावर आणलेला दाखला कितीही खरा असला तरी संशयास्पद दिसतो.

घरच्या अभ्यासाला लेक्चरइतकाच वेळ धरा, चार क्रेडिटला आठवड्याचे चार तास. त्यातले तीन गणिते सोडवण्याचे, वाचनाचा एक पुरे. पहिले दोन आठवडे मात्र गणितच करा: सदिशांचे घटक, डॉट आणि क्रॉस गुणाकार, साधे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन. फिजिक्सचे सर दुसऱ्या आठवड्यात वेगाचे डेरिव्हेटिव्ह घेतात आणि गणिताचे सर तिथे अजून लिमिटवर असतात. ही दरी कोणी भरून देत नाही. असाइनमेंट एआयकडून लिहून घेण्याचा मोह असेल, तर व्हायवात त्याच असाइनमेंटमधली तिसरी ओळ 'ही कशी आली' म्हणून विचारतात, एवढे ध्यानात ठेवा.

निकाल पटला नाही तर सत्रान्त पेपरसाठी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन हे मार्ग असतात, मुदत निकालाच्या परिपत्रकात असते. आधी फोटोकॉपी मागवा आणि वर सांगितलेल्या पायऱ्यांप्रमाणे स्वतः गुण मोजा. न तपासलेला प्रश्न किंवा बेरजेची चूक सापडली तर पुढे जा. 'दोन गुण जास्त द्यायला हवे होते' एवढ्यावर फी वाया जाते. अंतर्गत, प्रॅक्टिकल आणि व्हायवाच्या गुणांना सहसा पुनर्मूल्यांकन नसते. त्यांची यादी विद्यापीठाकडे जाण्याआधी विभागात लावतात आणि सही घेतात. ती वाचून सही करा. २६ चे १६ टाइप झालेले असले तर त्या दिवशी पाच मिनिटांत दुरुस्त होते. नंतर अर्ज, शिक्का आणि परीक्षा विभागाच्या खिडकीसमोरचे हेलपाटे.